चार भिंती, चार रंग

यवतमाळ
१२ जून २००६

लीले,

तुझं कार्ड मिळालं. फोन करावा तर तो तुझ्या पुंडलिकरावांच्या खिशात आणि पुंडलिकराव वावरात, म्हणून मीही आपली शाळेतल्या सवयीने पत्रच लिहायला बसले.

तुझ्या नातीला, खुशीला, आण. यात विचारायचं काय? डॉक्टरांनी वर्षभर कापसाच्या कस्तरीपासून, त्या बारीक धुळीपासून, लांब ठेवा म्हणून सांगितलं, आणि राळेगावात राहून कापसापासून लांब कुठे जाणार? तुझ्या सुनेच्या मांडीवर ऋतिक तान्हा, तिला हलता येणार नाही. इथे शाळा आमच्या गल्लीच्या टोकाशी आहे. चौथीत जागा आहे का ते मी विचारून आले. आहे.

आमच्या आभाची खोली तिच्यासाठी तयार केली. आभाचं लग्न झाल्यापासून तिथे पापडाचे डबे नि जुनी वर्तमानपत्रंच होती. आभाने पुण्याहून फोनवर सगळं सांगितलं. आजकाल मुलांच्या खोलीला म्हणे शांत रंग देतात, डोकं थंड राहतं, अभ्यास होतो. म्हणून भिंती मोतिया पांढऱ्या केल्या. पडदे पांढरे, चादर पांढरी, उशीला मी हाताने पांढरी झालर लावली. कपाटसुद्धा पांढरं रंगवून घेतलं. आमच्या यांनी जन्मभर पाटबंधारे खात्यात कालव्यांचे नकाशे काढले. ते दारात उभे राहून म्हणाले, अगदी कोऱ्या कागदासारखी झाली, आत पाय ठेवू नये वाटतं. एवढं कौतुक त्यांनी माझ्या पुरणपोळीचंही कधी केलं नाही.

शाळा उघडायच्या आधी ये आणि दोन दिवस राहा.

तुझी
कुंदा


राळेगाव
४ जुलै २००६

कुंदे,

पोचली मी सुखरूप. कळंबपाशी यष्टी बंद पडली. एक जण गाणं म्हणाले लागला, मंग कोणाले घाई राह्यली नाही.

पेरण्या सुरू हायेत. पोरगा मारोती आन हे दिवस निघायच्या आंधी वावरात जातेत. घरात मी, सून आन ऋतिक. खुशीबिगर घर कसं मोठं मोठं वाटून राह्यलं.

तिले वरणात गूळ लागते. भाकर कडक लागते. केस विंचरताना रडते, तिकडं ध्यान देऊ नको. लाड जास्त करू नको, नाही तं इकडं आल्यावर आम्हाले जड जाईल.

खोली तू लय मेहनतीनं केली. मी पाहूनच गार झाली. भाऊजीले माझा नमस्कार सांग. पोरगी पह्यले काही दिवस बोलली नाही तर मनावर घेऊ नको, आमच्याकडेही ती अशात कमीच बोले.

लीला


यवतमाळ
१८ जुलै २००६

लीले,

खुशी शाळेत जाते, जेवते, विचारलं तर हो-नाही म्हणते. बाई म्हणतात हुशार आहे. खोकलाही कमी आहे. मग पत्र कशाला लिहिते म्हणशील, तर त्या खोलीसाठी.

ती खोलीत झोपत नाही. पहिल्या दिवशी दारात उभी राहिली, पिशवी उंबऱ्याच्या आत सरकवली आणि दार लावून घेतलं. सकाळी पाहते तर स्वयंपाकघरात, फ्रीज आणि पिठाच्या डब्याच्या मधल्या फटीत चटईवर झोपलेली. मी म्हटलं नवीन जागा आहे, होईल. पण रोज तेच. मी तिला पलंगावर निजवून, थोपटून येते आणि सकाळी पोरगी पिठाच्या डब्यापाशी. कपाटातून कपडे आणायला आत जाते तेव्हा श्वास रोखून जाते आणि पळत बाहेर येते. यांनी ते पाहिलं. यांना वाटलं नव्या रंगाचा वास येत असेल, म्हणून दिवसभर खिडक्या उघड्या ठेवल्या. उपयोग नाही.

तुला खोटं कशाला सांगू, मला वाईट वाटलं. ती झालर मी किती रात्री बसून लावली. पण झालरीचं सोड. ती घराच्या आठवणीने कासावीस होत असेल तर तसं कळव. मी स्वतः आणून सोडीन. आणि माझंच काही चुकत असेल तर तेही लिही. आपल्यात आडपडदा कधी नव्हता.

कुंदा


राळेगाव
२५ जुलै २००६

कुंदे,

तुझं पत्र वाचलं आन पाटावर बसूनच राह्यली. तुझं काही चुकलं नाही. जे सांगाले पाह्यजे होतं ते मीच सांगितलं नाही.

मागच्या दिवाळीपासून आमच्या घरात कापूस होता. भाव पडला तवा हे म्हणाले, थांबू, संक्रांतीले चढंन. मंग म्हणाले होळीले चढंन. समोरची खोली भरली, मंग मधली भरली, पार आढ्यापर्यंत. मारोती, सून आन लहानगा सैपाकघरात, आम्ही ओसरीत, आन खुशीची बाज मधल्या खोलीत, कापसाच्या दोन ढिगाऱ्याच्या मधात. पह्यले तिले मजाच वाटली. उड्या मारे. मंग अंगाले खाज सुटली, मंग खोकला, मंग छातीत शिट्टी वाजे. कापसापाशी दिवा नेता येत नाही, आगीचं भेव. यायनं बल्बसुद्धा काढून ठेवला होता. लेकराचा सारा हिवाळा त्या खोलीत गेला. डोळे उघडले का पांढरं, कूस बदलली का पांढरं. शेवटी मे महिन्यात कापूस इकला, तोही पडत्या भावानंच.

तू खोलीचं दार उघडलं तवा खुशीनं माझा पदर धरला. मले समजलं. पण तू एवढ्या हौसेनं केलतं. आन आमची पोरगी कापसात झोपे हे कोणत्या तोंडानं सांगू? भाऊजीसमोर लाज वाटली.

तिले घराची आठवण येत असंन तर येऊ दे. पण आताच आणू नको. तिथंच कुठंही झोपू दे, पिठाच्या डब्यापाशी झोपली तरी चालते.

लीला


यवतमाळ
१६ ऑगस्ट २००६

लीले,

इतके दिवस पत्र नाही म्हणून रागावली असशील. माझे हात रंगाने भरलेले होते, खरोखरचे. या कागदावर कोपऱ्यात जो राणी रंगाचा अंगठा दिसतो तो माझाच.

तुझं पत्र आलं त्या दुपारी मी खुशीला घेऊन त्या खोलीच्या उंबऱ्यावर बसले. बाहेरच. विचारलं, यातलं काय नको? ती म्हणाली, पांढरा. मग हवा कोणता, म्हटलं. लीले, त्या पोरीने बोटांवर एकेक रंग मोजला. मग म्हणाली, "सगळे."

जेवताना मी यांच्या कानावर घातलं. यांनी वरणभात कालवत निर्णय दिला की एका भिंतीला फिकट पिवळा द्यायला हरकत नाही. खुशी त्यांच्याशी तोवर एक वाक्य बोललेली नव्हती. ती म्हणाली, "आजोबा, फिकट पिवळा म्हणजे पांढराच." यांनी चमचा खाली ठेवला. म्हणाले, मुलगी बरोबर बोलते.

दुकानदाराला वाटलं आम्ही गणपतीचा मंडप रंगवतोय. रंगाऱ्याने डबे पाहिले आणि सरळ नाही म्हणाला. हे काम माझं म्हणून कोणी पाहिलं तर दुसरं मिळणार नाही, म्हणे. मग आम्हीच लागलो. दारासमोरची भिंत राणी, तिच्या पुढ्यातली पोपटी, पलंगामागची हळदी, खिडकीची मोरपंखी. पांढरं कपाट नारिंगी झालं, त्याच्या मुठी जांभळ्या. माझ्या लग्नातल्या दोन साड्या फाडून पडदे केले, एक गर्द निळा, एक डाळिंबी. कात्री लावायच्या आधी दोनदा घडी घालून परत ठेवल्या. पण त्या पेटीत पडून काय करत होत्या? दूध घालणाऱ्या रुपीबाईने तिच्या आईच्या जुन्या फेटियाचा, म्हणजे बंजारा घागऱ्याचा, तुकडा आणून दिला, आरसे लावलेला. त्यांच्या तांड्यात आता कोणी घालत नाही म्हणाली. तो खिडकीशी टांगला. सकाळी ऊन आलं की भिंतीभर कवडसे नाचतात. शिवाय पतंग, बांगड्यांच्या माळा, चिंध्यांची गोधडी, आणि उलटी टांगलेली माझी फुलाफुलांची छत्री, तिच्यात बाहुल्या राहतात. बसायला रिकामी जागा उरली नाही.

आता यांचं ऐक. सगळं झाल्यावर खुशी जमिनीवर उताणी पडून म्हणाली, वर अजून पांढरं आहे. दुसऱ्या दिवशी हे जुना पायजमा घालून, दोरी, पेन्सिल आणि पट्टी घेऊन स्टुलावर चढले. छतावर नदी काढली. कालव्याच्या नकाशासारखी मापात, वळणं काढून. ती कडेपर्यंत नेऊन थांबवणार होते तर खुशीने विचारलं, मासे परत कसे येतील? यांनी तिला समजावलं की नदी एकाच बाजूला वाहते. तिने मान्य केलं नाही. मग दुसरी नदी काढली, उलट वाहणारी. मासे तिने रंगवले, यांच्या खांद्यावर बसून. एका माशाला मिशा आहेत. हे म्हणतात तो मी.

शेजारच्या बाई येऊन विचारून गेल्या, बालवाडी उघडली का. आभाला फोनवर सांगितलं तर तिने डोक्याला हात लावला असावा, म्हणाली, चारही भिंती? हे मात्र दिवसातून चारदा खोलीत डोकावतात, काही राहिलं का बघायला.

आणि खुशी? चटई स्वयंपाकघरात गुंडाळलेली आहे. ती पलंगावर हातपाय पसरून झोपते, पांघरूण लाथाडते आणि शाळेची वेळ झाली तरी उठत नाही. बोलते तर इतकं की यांना रेडिओ ऐकू येत नाही.

पोळ्याला हे तिला आणून सोडतील. तिच्याच तोंडून ऐक.

कुंदा


राळेगाव
३० ऑगस्ट २००६

कुंदे,

पोळा झाला. खुशी आली तशी बोलूनच राह्यली. राणी भिंत, पोपटी भिंत, मिशावाला मासा. सूनबाई हासू हासू दमली. मलेही बरं वाटलं.

पण झोपाची वेळ आली आन पोरगी घरात जाईना. मधल्या खोलीत आता काही नाही, दोन गाठोडे कापूस उरला तेवढाच. तरी ओसरीतच बसली. यायनं हात धरून आत नेलं तं रडाले लागली, म्हणे हे घर पांढरं हाय, मले माया खोलीत जायाचं. माया खोलीत म्हणजे तुयाकडं.

हे सकाळी वावरातही गेले नाही. मंग मले म्हणाले, पोरगीले परत पाठवाची नाही. चार रंग पाहून तिले आपलं घर नकोसं झालं, वर्षभरात आपण नकोसे होऊ. शाळा इथंही हाय.

मी भांडली. मारोतीनंही सांगून पाह्यलं. पण कुंदे, तुले खरं सांगू का, माया मनातही थोडं तेच होतं. माया नातीनं दुसऱ्याच्या घराले आपलं म्हणावं, हे कानाले बरं नाही लागलं. तुया मनात काही नसंन, मले माहीत हाय. पण तू तिले परत देशीन न?

लीला


यवतमाळ
४ सप्टेंबर २००६

लीले,

परत देशील का, हे तू मला विचारलंस. तुला विचारावंसं वाटलं म्हणजे मी उत्तर दिलं पाहिजे.

खुशी तुझी आहे. तुझी, मारोतीची, तिच्या आईची. खुशी तिकडे गेल्यापासून आम्ही दोघं त्या खोलीच्या दारावरून जाताना पाय हळू टाकतो, एवढं खरं. हे तर तिकडे बघतही नाहीत. पण म्हणून ती माझी होत नाही, आणि मी तसं मनात आणलेलंही नाही. सुटीत ती तिकडे, मोठी झाल्यावर ती तिकडे. मला फक्त ती नीट श्वास घेताना हवी आहे.

पुंडलिकरावांना सांग, रागवायचं तर माझ्यावर रागवा, रंगाचे डबे मी आणले. तिला ठेवायचं ठरलं असेल तर माझं काही म्हणणं नाही. पण ती दोन गाठोडी घरात ठेवू नका. आणि निर्णय घ्यायच्या आधी एकदा येऊन ती खोली बघा म्हणावं. न बघता खोलीवर एवढा राग कशाला?

कुंदा


राळेगाव
९ सप्टेंबर २००६

कुंदे,

हे सोमवारी येऊन राह्यले, खुशीले घेऊन. शाळेतून दाखला काढाचा आन तिचे कपडे आणाचे, म्हून. मले येऊ देत नाही. पोरीच्या छातीत पुन्हा शिट्टी वाजाले लागली. मी सांगितलं तर म्हणे सर्दीनं असंन.

तू रागावू नको. चहा पाजजो, आन जे होईन ते होऊ देजो.

लीला


यवतमाळ
१२ सप्टेंबर २००६

लीले,

आधी हे सांगते की खुशी इथेच आहे. आता बाकीचं निवांत वाच.

पुंडलिकराव आले ते खुर्चीच्या टोकावर बसले, टोपी मांडीवर. हे पाऊसपाण्याचं बोलायला लागले, ते हं हं करत होते. शाळा अकराला उघडते तेव्हा दाखल्याला जाऊ म्हणाले. कपड्यांसाठी मोठी रिकामी पिशवी आणली होती. मी चहा ठेवायला आत गेले तेवढ्यात खुशीने त्यांचा हात धरून त्यांना खोलीत ओढत नेलं.

मी मागे गेले नाही. बाहेरून ऐकू येत होतं. हा कोण, तो कोण, ही नदी इकडे जाते, ही तिकडे. चहा घेऊन गेले तर ते पलंगावर बसलेले, वर बघत, आणि त्यांच्या धोतरावर आरशांचे कवडसे. खुशी सांगत होती की पोपटी भिंतीचा खालचा कोपरा तिने रिकामा ठेवला आहे. कशासाठी, म्हणून त्यांनी विचारलं. ती म्हणाली, "तिथं तुमचे बैल काढायचे आहेत. मला येत नाहीत. तुम्ही सांगा त्याईचे शिंगं कसे हायेत ते."

त्यांनी सांगितलं की नाही ठाऊक नाही, मी बशा घेऊन बाहेर आले.

पहाटेच्या बसने आलेली पोरगी बोलता बोलता त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. शाळेची वेळ झाली, हे चपला घालून उभे राहिले, पण पुंडलिकराव उठेनात. मी दारातून पाहिलं. ते वाकून, कान तिच्या छातीजवळ नेऊन बसले होते. हात तिच्या पाठीवर. किती तरी वेळ तसेच. पलंग उन्हाच्या बाजूला, खिडकी सगळी उघडी, आणि तिचा श्वास संथ. नुसता संथ.

पुंडलिकराव बाहेर आले तेव्हा त्यांनी यांना विचारलं, "रोज अशीच झोपते?"

हे म्हणाले, रोज.

मग जेवले. दोनदा भाजी मागून घेतली. दाखल्याचं कोणी काढलं नाही. पिशवी घडी करून खिशात ठेवली. खुशी उठल्यावर तिला म्हणाले, दिवाळीले येजो, मी घ्याले येईन. फाटकापाशी पोचल्यावर थांबले आणि यांना बाजूला घेऊन काहीतरी विचारलं. मला वाटलं शाळेबद्दल असेल. नंतर हे हसत हसत सांगतात, त्यांनी विचारलं, हा रंग भिंतीले थेट लागते का आधी काही लावा लागते?

तुला न सांगता काही करणार असतील तर तू मला विचारलेलं नाहीस आणि मी सांगितलेलं नाही.

कुंदा


राळेगाव
१९ नोव्हेंबर २००६

कुंदे,

खुशीले परवा यायच्या संगं पाठवली, पोचलीच असंन. फराळाचा डबा दिला हाय, चकल्या जरा कडक झाल्या.

आता इकडची गंमत ऐक. दसऱ्याच्या आंधी हे यष्टीनं डबे घेऊन आले, वर पोतं झाकून, जसं काही चोरीचा माल. मले म्हणाले तू माहेरी जाऊन ये. मी गेली नाही. ओसरीत बसून पाह्यलं. मधल्या खोलीतून ते दोन गाठोडे बाहेर काढले, कोपरेन् कोपरा ओल्या फडक्यानं पुसला, बल्ब लावला. मंग रंगाले लागले. मारोती मदतीले गेला तं त्याले हाकलून देलं. राणी रंगात काय घोटाळा केला देव जाणे, भिंत झाली वांग्यासारखी. एका भिंतीवर हिरवा, तो ताडपत्रीचा हिरवा. खाली सारवणावर थेंबच थेंब. पोळ्याची बैलाची झूल काढली आन खिडकीले पडदा म्हून टांगली. शेजारचा सेवादास येऊन म्हणे, पुंडलिकभाऊ, बैल आत बांधता का काय. मी तोंडाले पदर लावून हासली. हे हासले नाही. मन लावून करून राह्यले होते.

दिवाळीले खुशी आली. दारात उभी राह्यली. आम्ही सारे मांगं. तिनं सगळीकडं पाह्यलं. मंग आत जाऊन वांगी भिंतीले हात लावला आन म्हणाली, आबाजी, हा रंग कुंदाआजीकडं नाही. बस, एवढंच. त्या दिवसापासून यायची मान अशी काही वर हाय का विचारू नको. सुटीभर पोरगी त्याच खोलीत झोपली. संगं ऋतिकलेही घेऊन झोपे.

आता खरं सांगाचं ते हे. पह्यल्या वेच्याचा कापूस आला. भाव यंदाही तसाच, मेलेला. गाडी दारात उभी आन सारा बाजार म्हणून राह्यला, आता इकू नका, भरून ठेवा, संक्रांतीले चढंन. मले मागचं वर्ष आठवून राह्यलं होतं. खुशी ओसरीत गृहपाठ करून राह्यली होती, तिनंही मान वर केली. ज्याच्याजवळ आम्ही दरसाल कापूस देतो तो व्यापारी बापूजी आलता. तोही भला माणूस, तोही म्हणाला, पुंडलिकराव, दोन महिने दम धरा, घरात टाकून ठेवा, एवढ्या दोन खोल्या हायेत तुमच्या.

यायनं गाडीकडं पाह्यलं, मंग घराकडं. दार उघडंच होतं, झूल वाऱ्यानं हालून राह्यली होती. आत एक बाज आन चार भिंती, दुसरं काही नाही.

म्हणाले, "जागा नाही, बापूजी. घर भरलं हाय. आजच घेऊन जा."

लीला